मंदाआजींच्या डोळ्यांखालचं काळं

केस पांढरे झाले की बाई मेंदी लावते. सुरकुत्या आल्या की वय झालं म्हणून गप्प बसते. पण डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं की ती खुर्चीत बसल्या बसल्या विचारते, "हे कशानं झालं असेल हो?" इतर कशाचं कारण कोणी विचारत नाही, याचं मात्र सगळ्यांनाच हवं असतं. नंदनवन वस्तीत घराच्या पुढच्या खोलीत मी पार्लर सुरू केलं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता त्याची मुलगी बालवाडीत जाते. एवढा काळ मी हा प्रश्न ऐकते आहे, आणि अजूनही त्याचं एक सरळ उत्तर मला देता येत नाही.

आमच्या धंद्यात बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं, की एक डबी उघडली, लावली आणि काळं गेलं. आधी बघावं लागतं की ते काळं आहे कसलं. मी बाईला खिडकीकडे तोंड करून बसवते आणि डोळ्याखालची कातडी बोटानं अलगद खाली ओढते. कातडीबरोबर काळंही सरकलं तर ते कातडीचंच आहे, रंग साठलाय. ओढल्यावर निळसर, जांभळट दिसलं तर कातडी पातळ आहे आणि खालच्या शिरा दिसतात. आणि मान वर करून उजेडाकडे बघितल्यावर काळं निघूनच गेलं, तर ते काळं नव्हतंच. ती खळग्याची सावली होती. सावलीला कुठली क्रीम लावणार? तरी बायका लावतात, आणि मीही विकते. न विकावी तर त्या समोरच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये जाऊन घेतात.

कारणंही एका जातीची नसतात. झोप कमी, रक्त कमी, चष्म्याचा भार, ऊन. काहींना धुळीची ॲलर्जी असते, डोळे चोळून चोळून काळे होतात. काहींच्या घराण्यातच असतं. एकदा तीन बहिणी आईला घेऊन आल्या होत्या. चौघींच्या डोळ्यांखाली सारखंच काळं, जणू एकाच बोटानं लावलेलं. धाकटी म्हणाली, "काकू, आमचं काढून द्या, आईचं राहू द्या, तिचं लग्न झालं आहे." आई हसली नाही. घरी मी सांगितलं तेव्हा माझे यजमान मात्र खूप हसले.

उपायांचं तर विचारूच नका. आलूच्या चकत्या, काकडी, चहाच्या थंड पुड्या, बदामाचं तेल. आमच्याकडे संत्र्याची साल वाळवून दुधात कालवून लावायची हौस फार. डोळ्याखालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, तिच्यावर ती साल घासून एक मुलगी आली होती, डोळे टोमॅटोसारखे लाल. थंडाव्यानं सूज उतरते, तेवढं खरं. बाकी आठ तास झोपा, चोळू नका, काजळ धुऊन झोपा, रक्त तपासा, एवढंच मी सांगते. निम्म्या बायकांना फरक पडतो आणि निम्म्यांना पडत नाही. का पडतो आणि का पडत नाही, ते मला विचारू नका.

हे एवढं आधी सांगितलं, कारण मला मंदाआजींबद्दल सांगायचं आहे. त्यांच्या बाबतीत मी जेवढी गोंधळले तेवढी आयुष्यात कधी गोंधळले नाही.

मंदाआजी आमच्याच ओळीत, चार घरं सोडून राहतात. बोलायला गोड, दम्याचा छोटा पंप नेहमी पदराला बांधलेला. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, सुटीत येतो. त्यामुळे घरात आजी आणि सून सविता, दोघीच. सविता शाळेत शिकवते. सकाळी सासूचा डबा झाकून जाते आणि दुपारी परत येते. थ्रेडिंगला माझ्याकडेच येते. आजींची मुलगी शोभा पारशिवनीला दिलेली. घरची शेती, मोठं कुटुंब, आवाजही मोठा. मनात काही ठेवत नाही. जे असतं ते सगळं बाहेर.

शोभाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती आईला न्यायला आली. जाण्याआधी आईचा चेहरा जरा साफ करून घ्यावा म्हणून तिघी माझ्याकडे आल्या. आजी खुर्चीत बसल्या. चष्मा काढला आणि मी वरचा दिवा लावला.

शोभा एकदम पुढे आली. "माय! हे काय झालं वं तुले?"

मीही बघत राहिले. रोज चष्म्याआडून दिसतं त्यापेक्षा वेगळंच होतं ते. दोन्ही डोळ्यांभोवती गर्द तपकिरी कडं, वरच्या पापणीवरसुद्धा. डोळे आत ओढल्यासारखे. आणि एक गोष्ट मला तेव्हाच विचित्र वाटली. आजींच्या पापण्यांचे केस लांब, दाट, काळेभोर होते. या वयात पापण्या विरळ होतात. माझ्याकडे पोरी नकली पापण्या लावून घेतात, त्यासुद्धा एवढ्या चांगल्या दिसत नाहीत. मी म्हटलं, "आजी, पापण्या काय सुंदर आहेत तुमच्या!" त्या लाजल्या. शोभाला मात्र ते ऐकूही गेलं नाही.

"ताई, तुम्ही सांगा. हे कशानं होते?" तिनं मला विचारलं.

आता माझी सवय ती. मी म्हटलं, "कारणं पुष्कळ असतात. झोप कमी असली तर..."

"झोप!" शोभा सविताकडे वळली. "रात्री मायजवळ कोणी झोपते का?"

"ताई, त्यांना त्यांच्या खोलीतच झोपायचं असतं," सविता म्हणाली.

"रक्त कमी असलं तरी होतं," मी घाईनं म्हटलं. विषय बदलावा म्हणून.

"रक्त कमी कायनं होते? जेवली नाही तर होते! एकटी बाई झाकलेल्या ताटात काय जेवून राहिली, कोण पाहते?"

"अवं पोरी, मी जेवतो बरोबर," आजी मधेच म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बाया कधी कधी पुरुषासारखं बोलतात. पण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मी काहीही म्हटलं की ते सविताच्या अंगावर जात होतं. वय म्हटलं तर काळजी, काळजी म्हटलं तर सून. शेवटी मी म्हटलं, "शोभाताई, खरं सांगू का, मला कळत नाही. घराण्यातलं म्हणावं तर तुमचे डोळे स्वच्छ आहेत. तुम्ही डॉक्टरला दाखवा."

सविताच्या डोळ्यांत पाणी होतं. ती एवढंच म्हणाली, "मी काय कमी केलं, ताई? चहा, नाश्ता, औषध, रोज झोपताना डोळ्यांत थेंब टाकते. एक दिवस चुकले नाही मी."

"थेंब टाकले म्हणजे पोट भरते का?" शोभा म्हणाली.

त्यांनी रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट चांगला निघाला. शोभाचं समाधान झालं नाही. लग्नासाठी गेलेल्या आजी लग्नानंतरही पारशिवनीलाच राहिल्या. "मायले सुधारूनच पाठवतो," असं शोभानं फोनवर सांगितलं, आणि हे वाक्य आमच्या ओळीत घराघरात पोचलं. कसं पोचलं देव जाणे. सविता थ्रेडिंगला आली की पूर्वी बोलायची, आता डोळे मिटून बसायची. बायका मला हळूच विचारायच्या, "खरंच उपाशी ठेवत होती का वं?" मी नाही म्हणायची. पण मग ते काळं कशाचं, असं विचारलं की मी थ्रेडिंगचा दोरा दातांत धरायची.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर एके दिवशी सविता दुपारीच आली. खुर्चीत बसली नाही. तिनं फोन पुढे केला. शोभानं फोटो पाठवला होता. आजी अंगणात खाटेवर बसलेल्या, चष्मा काढलेला. डोळ्यांखाली काळं नव्हतं. थोडं फिकट होतं, पण ते कोणाच्याही डोळ्यांखाली असतं तेवढंच. आजी चांगल्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

"गीताताई," सविता म्हणाली, "मग मीच त्यांना काहीतरी करत होते का?"

मी फोटो मोठा करून पाहिला, परत लहान केला. पारशिवनीची हवा म्हणू? ताजं दूध म्हणू? लेकीच्या घरचं सुख म्हणू? काही म्हटलं तरी अर्थ एकच निघत होता. माझ्या मनातही तेव्हा शंका आली, हे लपवत नाही. घराच्या चार भिंतींत काय चालतं ते बाहेरच्याला कुठं दिसतं? पण समोर सविता उभी होती, तिचे स्वतःचे डोळे रडून सुजलेले, आणि ही बाई सासूला उपाशी ठेवेल असंही वाटेना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या, आणि दोन्ही माझ्यासमोर होत्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शोभा आईला घेऊन आली. सविताच्या घरी न जाता आधी माझ्याकडे आली. दारातूनच म्हणाली, "पाहा ताई, माय कशी झाली ते पाहा!"

आजी मागून आल्या आणि डाव्या खांद्याला माझ्या दाराची चौकट जोरात लागली. "अवं, हे दार कुठून आलं मधात," असं म्हणून त्या हसल्या. आम्हीही हसलो. मी चहा केला. कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, तर त्या समोर बघत बसल्या. "चहा घ्या ना आजी." "दिला का तू?" त्यांनी मान वळवली तेव्हा त्यांना कप दिसला.

मी दिवा लावून चेहरा पाहिला. कातडी छान उजळली होती. पण काहीतरी कमी वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. "आजी, पापण्या कापल्या का तुम्ही? किती लांब होत्या!"

"कोणी पापण्या कापते का वं?" शोभा हसायला लागली.

तेवढ्यात सविता आली. आजी आल्याचं तिला कोणीतरी सांगितलं असणार. ती आजींच्या पाया पडली, शोभाकडे बघून मान हलवली आणि उभी राहिली. थोड्या वेळानं काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "आई, थेंब संपले असतील ना? नवी बाटली आणून ठेवली आहे."

"कोणते थेंब?" शोभानं विचारलं.

"काचबिंदूचे. मी पिशवीत दिले होते ना."

"ते? ते तर तेव्हाच संपले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन एवढे दिवस झाले, आता कायले टाकाचे थेंब?"

"ते ऑपरेशनचे थेंब नव्हते ताई, काचबिंदूचे होते. ते थेंब जन्मभर टाकायचे असतात. आई, मी फोनवर विचारायची, औषध घेता ना म्हणून?"

"घेत होतो ना," आजी म्हणाल्या. "बीपीची गोळी घेत होतो, पंप घेत होतो. डोळे तर दुखतच नव्हते."

शोभाला काही समजलं नव्हतं, मलाही नव्हतं, पण सविताचा चेहरा उतरलेला पाहून आम्ही दोघी घाबरलो. चहा तसाच राहिला. सविता फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन आली.

जाताना शोभा माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही पण चला. आम्हा दोघींचं एकमेकींशी बोलणंच होत नाही. डॉक्टर काय म्हणते ते तुम्ही ऐका." म्हणून मी पार्लर बंद ठेवून गेले.

डोळ्यांच्या दवाखान्यात आजींना एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, समोर नजर ठेवायची आणि कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आजी बटण दाबत होत्या, मग बराच वेळ दाबतच नव्हत्या. तिथली मुलगी म्हणाली, "आजी, दिवा दिसला की दाबा."

"दिसल्यावर दाबतो ना बेटा. दिसलाच नाही तर काय दाबू?"

डॉक्टर वयानं आमच्या मुलांएवढे असतील. त्यांनी कागदावर दोन गोल काढून दाखवले. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं दिसत राहतं, फक्त कडेकडेनं जग कमी होत जातं. मेंदू ती जागा भरून काढतो, म्हणून माणसाला कळतही नाही. थेंबांनी तो दाब काबूत होता. थेंब बंद झाले आणि डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली.

"मंग आता औषध देऊन वापस येईल ना?" शोभानं विचारलं.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "जे उरलं आहे ते वाचवायचं."

शोभा खुर्चीवर बसली. मग तिनं हळूच विचारलं, "पण डॉक्टर, मायची तब्येत तर सुधारली होती. डोळ्याखालचं काळं गेलं होतं."

डॉक्टरांनी आजींकडे वाकून पाहिलं. "काळं होतं का? आणि पापण्या लांब?"

"हो," मी म्हटलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बोलले.

"ते या थेंबांमुळेच होतं काही जणांना. कातडी काळवंडते, डोळे खोल जातात, पापण्या वाढतात. थेंब बंद केले की काही महिन्यांत उतरतं. ते गेलं म्हणजे थेंब बंद होते."

मी सविताकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. मला वाटलं ती आता बोलेल, निदान एक वाक्य तरी. तेवढा हक्क तिला होता. पण तिनं आजींचा चष्मा पुसला आणि त्यांच्या हातात दिला. आणि मला स्वतःला त्या क्षणी काही धड समजत नव्हतं. म्हणजे ते काळं सवितानं घेतलेल्या काळजीनं आलं होतं, आणि ते गेलं तेही काळजी घेणाऱ्याच्याच घरी. ज्याला आपण रोग म्हणून पुसायला निघालो होतो ती औषधाची खूण होती. सगळं उलटं करून परत मांडावं लागत होतं आणि ते एका दमात मांडता येत नव्हतं.

"दुसरे थेंब नाहीत का, काळं न करणारे?" शोभानं विचारलं.

"आहेत. पण एक दम्याच्या माणसाला चालत नाही, आणि दुसऱ्यानं आजींचे डोळे सुजले होते, जुन्या कागदात लिहिलं आहे. यांना हेच मानवतात. टाकल्यावर बाहेर आलेला थेंब लगेच पुसा, थोडा फरक पडेल. पण काळं परत येणार, हे धरून चाला."

आम्ही तिघी आजींकडे बघायला लागलो. आजींनी चष्मा घातला.

"येऊ द्या ना," त्या म्हणाल्या. "मले कोण पाहाले येते आता? मले लोकायचे तोंडं पाहाचे आहेत."

परत येताना ऑटोत आजी मधे, दोघी दोन बाजूंना, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मग मागून शोभाचा आवाज आला, तिचा नेहमीचा मोठा आवाज नव्हता तो. "वयनी, मले समजलंच नाही वं."

"मलाही कुठं समजलं, ताई," सविता म्हणाली. "त्या काळ्याचं मलाही माहीत नव्हतं. मीसुद्धा रात्री उठून बघायची, आई झोपल्या का म्हणून."

शोभानं माफी मागितली असं काही मी ऐकलं नाही. तोंडानं मागणं तिला जमत नसावं. पण त्या दिवशी ती पारशिवनीला गेली नाही. सविताकडेच थांबली, आणि झोपायच्या आधी थेंब कसा टाकायचा, पापणी कशी ओढायची, कापसानं कसं पुसायचं ते सविताकडून शिकून घेतलं. सवितानंच मला हे सांगितलं. पहिले दोन थेंब आजींच्या गालावर पडले आणि आजी म्हणाल्या, "डोळा वर आहे बाई."

ओळीतल्या बायकांना मी जमेल तसं सांगितलं. काहींना पटलं. काही म्हणाल्या, "असं कुठं असतं का, औषधानं काळं होते म्हणे!" त्यांच्याशी मी वाद घातला नाही. मला स्वतःला पटायला दवाखान्यात जावं लागलं होतं.

यंदाच्या पावसाळ्यात एका दुपारी सविता थ्रेडिंगला आली होती, आजी बाजूच्या स्टुलावर बसल्या होत्या. दुसऱ्या खुर्चीत एक कॉलेजची पोरगी डोळ्यांवर थंड कापूस ठेवून पडली होती. डोळ्यांखालच्या काळ्यासाठीच आलेली. सविताचा फोन वाजला. शोभाचा व्हिडिओ कॉल. सवितानं तो आजींच्या हातात दिला.

"माय, चष्मा काढ," शोभा म्हणाली. "फोन जवळ घे. अजून जवळ. उजेडात ये ना वं!"

आजी उठून खिडकीशी गेल्या. सवितानं त्यांचा डावा दंड धरला होता, आता ती नेहमीच त्या बाजूला असते.

"दिसते का?" आजींनी विचारलं.

"झालं का वं काळं?"

"झालं ना बाप्पा. चांगलं काळं झालं."

"खालीबी?"

"खालीबी आणि वरबी."

मग शोभा नाक पुसत म्हणाली, "बरं झालं वं माय. लय बरं झालं."

कॉलेजच्या पोरीनं एका डोळ्यावरचा कापूस उचलला. खिडकीपाशी उभ्या आजींचे ते काळे, खोल डोळे तिनं पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "काकू," ती कुजबुजली, "डोळे काळे झाले म्हणून त्या एवढ्या खूश काहून झाल्या?"

मी सांगायला तोंड उघडलं. पण मी कापूस तिच्या डोळ्यावर परत ठेवला आणि आधी तिलाच विचारलं, "तू डोळ्यात कसले थेंब टाकतेस का, बेटा?"